नळी फुटली तर गाडी थांबते की सुटते?

आपटा स्टेशनात थांबलेल्या गाडीच्या दोन डब्यांमध्ये वाकून पाहिलं तर रबरी नळ्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतात. त्यांतली एक ब्रेकची. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत ती सलग गेलेली असते आणि गाडी धावत असताना तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते. या हवेमुळे ब्रेक सुटलेले राहतात. नळी निसटली, फाटली किंवा डबेच तुटून वेगळे झाले, की हवा बाहेर जाते आणि प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली राखीव हवा त्या डब्याचे ब्रेक आवळते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधल्या शेवटच्या प्रसंगामुळे हे स्टेशन लोक बघायला येतात. त्यांचं लक्ष फलाटावर असतं. गाडीखालच्या नळीकडे कोण बघणार?

त्याच आपट्यात एका अंगणात १९७१ सालची फियाट ११०० उभी आहे. तिच्या ब्रेकची नळी पोलादी, बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, आत ब्रेक ऑइल. पायाने पेडल दाबलं की तेलाचा दाब या नळीतून चारही चाकांकडे जातो आणि ड्रमच्या आतले शू फाकतात. ही नळी फुटली तर दाब तयारच होत नाही. पेडल थेट फळीला टेकतं आणि गाडी पुढे जात राहते.

या फरकावरून एका मामा-भाच्यात वाद झाला. मामा रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात फिटर होते. टीएक्सआरच्या, म्हणजे गाडी तपासणाऱ्याच्या, हाताखाली त्यांची हयात डब्यांच्या पोटाखाली गेली. भाचा रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि फियाट त्याच्या वडिलांची. दाब, गळती, आटे हे दोघांनाही शिकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच होता, की ब्रेकची नळी घरच्या अंगणात बनवावी का? मी तिथे बहुतेक वेळ ऐकायला होतो. जिथे माझं मत झालं तिथे ते लिहिलं आहे.

भाचा : मागच्या चाकांकडे जाणारी लांब नळी गेली, मामा. पत्र्याच्या क्लिपखाली गंजाची खपली होती. नखाने उचकटली तर खाली ओल. ब्रेक ऑइलच आहे ते.

मामा : मग गाडी हलवायची नाही. गेटपर्यंतसुद्धा नाही.

भाचा : नाही हलवत. घोड्यांवर चढवून ठेवलीय. नळी मीच बनवणार आहे.

मामा : तू कशाला? बाजारात मिळत नाही?

भाचा : वाकवून तयार केलेली, हिच्याच मापाची? कोण ठेवणार? कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची बंद झाली त्याला पाव शतक झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सामानाला गिऱ्हाईक होतं. ही तर पद्मिनीच्या आधीची. ऑपेरा हाऊसला फिरलो. मास्टर सिलिंडरचं रबर किट मिळालं, व्हील सिलिंडरचं मिळालं. नळीची मात्र नुसती गुंडाळी मिळते. कापायची, वाकवायची, टोकं करायची, ते आपणच.

मामा : मग एखाद्या गॅरेजवाल्याला दे. रोजचा हात असतो त्यांचा.

भाचा : विचारलं ना एकाला. म्हणाला, तांब्याची टाकून देतो, अर्ध्या दिवसात होईल. फ्रीजवाला वापरतो ती नळी आणि टोकं फाकवायचं, फ्लेअरिंगचं, हत्यारही फ्रीजवाल्याचंच.

मामा : तांबं गंजत तरी नाही.

भाचा : गंजत नाही, पण थरथरीने कडक होतं. तांब्याची तार एकाच जागी दहा वेळा वाकवून बघ, तुटते. गाडीत इंजिन हलतं, पत्रा हलतो, नळी रोज थोडीथोडी हलते. कडक झालेली नळी जिथे फ्लेअर संपतो तिथे चिरते. आणि फ्रीजच्या हत्याराने टोक एकेरी फाकतं. ब्रेकला दुहेरी लागतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण गावोगावच्या गॅरेजांत नेमकी हीच तडजोड चालते आणि ती करणाऱ्याला ती धोक्याची वाटतही नाही. ब्रेकची मूळ नळी साधी पाइप नसते. पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळतात, मध्ये तांब्याचा मुलामा असतो आणि भट्टीत तो वितळून दोन्ही थर एकजीव होतात. अशी दुपदरी भिंत तयार होते, जाडी साधारण ०.७ मिलिमीटर. तिला गंजरोधक थर दिलेला असतो. तो टिकतो तोवर नळी टिकते. तांब्याला पर्याय म्हणून कॉपर-निकेलची नळी मिळते. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल असतं, थोडं लोखंड आणि मँगनीज. समुद्राचं पाणी खेळवायला जहाजांत जो मिश्रधातू वापरतात तोच हा. व्होल्वोने सत्तरच्या दशकातच आपल्या गाड्यांत तो घेतला. दिसायला तांब्यासारखी असल्यामुळे दुकानात दोन्ही एकाच नावाने मागितल्या जातात. विकत घेताना हा फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून बिलावर आणि वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्यावी. शुद्ध तांब्याची नळी ब्रेकला लावू नये. याबाबतीत मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूने आहे.

मामांना मात्र धातूपेक्षा दाबाची काळजी होती.

मामा : आमच्या नळीत पाच किलो. तुझ्यात किती?

भाचा : हिशेब कर. जोरात ब्रेक मारताना पाय तीस किलोने दाबतो धर. पेडलची तरफ पाचपट करते, झाले दीडशे. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पाऊण इंची, म्हणजे तीनएक चौरस सेंटिमीटरपेक्षा जरा कमी. पन्नास किलोच्या वर गेला ना दाब? समोर म्हैस आडवी आली आणि माणूस जिवाच्या आकांताने साठ किलोने दाबायला लागला, तर शंभर.

मामा : आमच्या वीसपट.

भाचा : या आपल्या पाताळगंगेत खोपोलीचं पाणी येतं ना, टाटांच्या वीजघरातून सुटलेलं? १९१५ पासून ते घाटमाथ्यावरून जाड पोलादी नळांतून पाचशे मीटर खाली येतंय. त्या नळांच्या तळाशी पन्नास किलोच्या आसपास दाब. तेवढा, किंवा त्याच्या दुप्पट, ह्या काडीएवढ्या नळीत.

मामा : आणि भिंत पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. रायगडचा पाऊस बाहेरून खाणार, आणि आतून?

भाचा : आतूनही खातो. ब्रेक ऑइल हवेतली वाफ ओढून घेतं. डॉट ३ चं कोरडं तेल २०५ अंशाला उकळतं. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की १४० ला. घाट उतरताना ड्रम तापले आणि तेल उकळलं, की नळीत वाफेचे बुडबुडे. बुडबुडा दबतो, तेल दबत नाही. पेडल मऊ.

मामा : म्हणजे नळी शाबूत असूनही ब्रेक जाणार.

भाचा : म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. कोकणात तर नक्कीच.

मामांनी पुढचा प्रश्न विचारला तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. त्यांनी विचारलं, किती नळ्या बदलणार? भाचा म्हणाला, गळते ती एक. पुढच्या तिन्ही चांगल्या दिसतात.

मामा : दिसतात म्हणजे काय? सगळ्या एकाच वर्षी बसवल्या, एकाच गाडीखाली, एकाच पावसात राहिल्या. खारपाड्याकडून भरतीचा वारा येतो तो काय फक्त मागच्या नळीला लागतो? क्लिपखाली काय आहे ते तुला दिसत नाही. मागचीसुद्धा खपली उचकटेपर्यंत चांगलीच दिसत होती ना?

भाचा : सगळ्या काढायच्या तर पुढच्या नटांचे कोपरे गोल होणार. रबरी होज तुटणार. पंधरा दिवसांचं काम होईल.

मामा : होऊ दे. आणि मध्ये तुकडा कापून जोड देण्याचा विचार असेल तर तोही सोड.

मामांची बाजू बळकट करणारं एक प्रकरण अमेरिकेत घडलेलं आहे. १९९९ ते २००३ या वर्षांतल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटत असल्याच्या तक्रारी तिथल्या वाहन-सुरक्षा संस्थेकडे आल्या. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात त्या राज्यांतल्या या गाड्या होत्या. चौकशी अनेक वर्षं चालली आणि एप्रिल २०१५ मध्ये संपली. कंपनीला गाड्या परत बोलवायला लावलं नाही. ही जुन्या गाड्यांची झीज आहे आणि ती इतर कंपन्यांच्या गाड्यांतही दिसते, असा निष्कर्ष निघाला. मात्र मालकांना सांगण्यात आलं, की गाडीचं पोट धूत जा, नळ्या तपासून घ्या, आणि खपल्या दिसल्या तर एखादा तुकडा न बदलता संपूर्ण संच बदला. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कुणी टाकत नाही, पण खाडीकाठच्या गावांत ते वाऱ्याबरोबर आणि चिखलाबरोबर येतं. कोकणातल्या जुन्या गाडीच्या मालकाने हा सल्ला आपल्यालाच दिलाय असं समजावं. भाच्याने शेवटी चारही नळ्या काढायचं कबूल केलं. मला त्याचं बरं वाटलं.

नळ्या बनवण्याचं काम मी पाहिलं. त्यात घाईला जागाच नाही. जुनी नळी शक्य तो न मोडता काढायची, कारण तोच नमुना. नट सोडवताना साधा पाना घसरतो, म्हणून एका बाजूने फट असलेला रिंग पाना नळीवरून सरकवून नटाच्या सगळ्या कोपऱ्यांना बसवायचा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवायचं. जुन्या नळीच्या प्रत्येक वळणावरून सुतळी फिरवून लांबी घ्यायची आणि ती सुतळी नव्या गुंडाळीवर टाकायची. कापायची ती चाकाच्या पाइप कटरने. करवतीने कापलं की टोक तिरकं होतं आणि कीस आत पडतो. तोच कीस पुढे व्हील सिलिंडरच्या रबरात रुततो. कापल्यावर आतली धार खरवडून काढायची, नळी उलटी धरून झटकायची, कोरड्या हवेने फुंकायची.

मग फ्लेअर. सगळं यश-अपयश इथेच आहे. नट आधी नळीवर चढवायचा, तोंड आतल्या बाजूला की बाहेरच्या हे दोनदा बघायचं, कारण टोक फाकलं की नट चढत नाही. नळी साच्यात धरायची. हत्याराबरोबर येणाऱ्या बटणाच्या कडेची जेवढी जाडी, तेवढंच टोक वर ठेवायचं. बटण टोकात घालून स्क्रू आवळला की टोक आत दुमडून फुगतं. बटण काढून त्यावर शंकूचं टोक दाबलं की ते फुगलेलं टोक आत बसतं आणि भिंत तिथे दोन पदरी होते. हा ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर. एकेरी फ्लेअरची कड उघडी राहते, आवळताना ती चिरू शकते. दुहेरीत दुमड बाहेर येते आणि नट आवळला की ती सिलिंडरच्या बैठकीवर दाबून बसते. काही गाड्यांत दुसऱ्या जातीचा फ्लेअर असतो, नुसता फुगलेला, बुडबुड्यासारखा. दोघांच्या बैठका वेगळ्या. जुन्या नळीचं टोक नीट निरखून तसंच करायचं. एकाच्या बैठकीवर दुसरा बसवला तर नट कितीही आवळा, गळती थांबत नाही आणि शेवटी आटे जातात.

भाच्याने बनवलेली पहिली दोन टोकं मामांनी हातात घेऊन भिंगाखाली धरली. एक टोक जरा एका बाजूला कललेलं होतं.

मामा : हे कापून टाक.

भाचा : बसेल ते. नट आवळला की सरळ होतं.

मामा : आवळून सरळ झालेलं टोक तुझ्यासाठी बसेल. तिकडे मागच्या सीटवर ताई बसणार आहे.

भाच्याने टोक कापलं आणि पुन्हा केलं. नळी थोडी आखूड झाली, म्हणून वळण पुन्हा घ्यावं लागलं. नळी वाकवायची ती बेंडरवर किंवा गोल लाकडावर, हळूहळू. हातावर एकदम वाकवली की तिथे ती चपटते. बसवताना ती सायलेन्सरपासून दूर हवी, धारदार पत्र्यावर घासता कामा नये, आणि क्लिपांना रबर हवं. मागची नळी ॲक्सलशी सरळ जोडायची नाही. मध्ये रबरी होज लागतो, कारण चाक खड्ड्यात वरखाली होतं आणि पत्रा होत नाही. मास्टर सिलिंडरजवळ एखादा वेढा मोकळा ठेवला तर थरथर त्यात मुरते. हे काम भाच्याने सुंदर केलं होतं. कारखान्यात नळ टाकणाऱ्या माणसाची शिस्त तिथे दिसत होती.

एका गोष्टीवर मात्र त्याने मामांना अडवलं. मामांनी सवयीने नळी धुवायला रॉकेलचा डबा उघडला होता.

भाचा : रॉकेल नको, मामा. डिझेल नको, पेट्रोल नको, इंजिन ऑइलचा एक थेंबही नको.

मामा : आम्ही अख्खं आयुष्य रॉकेलने धुतलं.

भाचा : तुझ्याकडे हवा होती. इथे ब्रेक ऑइल आहे, त्याची रबरं वेगळी. खनिज तेल लागलं की ती फुगतात, मऊ होतात. नवीन किट दोन दिवसांत वाया. धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच धुवायचं किंवा नुसती कोरडी हवा मारायची.

प्रवासात ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून इंजिन ऑइल ओतून गाडी घरी आणल्याचे किस्से अभिमानाने सांगणारे लोक आहेत. गाडी घरी येते, हे खरं. नंतर मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळी रबरं टाकून द्यावी लागतात, आणि ती टाकली नाहीत तर पुढचा घाट कुणालातरी महागात पडतो.

तेल भरून हवा काढायची वेळ आली तेव्हा दोघे कामाला लागले. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. उजव्या बाजूला बसून चालवायच्या गाडीत ते मागचं डावं. भाचा पेडलवर, मामा चाकाशी निप्पलवर. “दाब… धर… सोड.” निप्पलवर पारदर्शक नळी, तिचं टोक तेलात बुडवलेलं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पुढचं चाक. सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवायचं, कारण ते रंग खातं.

पेडल घट्ट झालं. भाचा खुशीत होता. मामा नव्हते.

मामा : आता पेडल दाबून धर. जेवढा जोर आहे तेवढा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.

भाचा : किती वेळ?

मामा : आमच्याकडे मालगाडीत हवा भरल्यावर गेजकडे बघत उभं राहायचे. मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त दाब उतरला तर गाडी निघायची नाही, गळती शोधायची. तुझ्याकडे गेज नाही, तर तुझा पायच गेज. पाय खाली सरकतोय का सांग.

मामा प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून फिरले. चारही चाकं, तिन्ही होज, मास्टर सिलिंडर. पुढच्या डाव्या जोडाशी कागदाला ओल लागली. अर्ध्या फेऱ्याने नट आवळला, कागद बदलला, पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं पुन्हा केलं. तेव्हा कागद कोरडे राहिले.

भाचा : आता तरी पटलं? बाजारातली नळी याहून चांगली असती?

मामा : नळी चांगली आहे. मी नळीला नाव ठेवलंच नव्हतं.

भाचा : मग?

मामा : तू केलीस आणि तूच पास केलीस, हे मला चालत नाही. आमच्याकडे कितीही मोठा फिटर असला तरी गाडी सुटायच्या आधी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लागतं. त्याच्यावर तपासणाऱ्याची सही, ड्रायव्हरची सही, गार्डची सही. ब्रेक लावणारा एक आणि बघणारा दुसरा. का? लावणाऱ्याला स्वतःचं काम बरोबरच दिसतं.

भाचा : काल तू होतास ना.

मामा : काल होतो. पुढच्या वर्षी?

माझ्या मते मामांचा मुद्दा यापेक्षाही मोठा आहे. रेल्वेने ही शिस्त सुखासुखी शिकलेली नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माघजवळ सहलीची एक गाडी चढावर अडकली. पुढचा भाग आधी वर नेऊ म्हणून गाडी दोन भागांत तोडली. तिचा ब्रेक असा होता, की जोड तुटला की मागच्या डब्यांत तो उरतच नसे. मागचे डबे उतारावर मागे सुटले आणि खालून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत मुलं फार होती. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने आपोआप लागणारा हवेचा ब्रेक १८७२ मध्येच काढलेला होता. त्या अपघातानंतर ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा केला. म्हणजे नळी तुटली तर गाडी थांबलीच पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून रेल्वेच्या हाडात आहे. आजचे मोठे ट्रकही असेच. हवा गेली की स्प्रिंग मागची चाकं जखडते.

मोटारीने हा रस्ता घेतला नाही. तेलाच्या ब्रेकमध्ये पाय सोडला की ब्रेक सुटतो, दाब गेला की ब्रेक जातो. यावरचा उपाय म्हणून दोन स्वतंत्र भाग करण्यात आले. एक मास्टर सिलिंडर, आत दोन पिस्टन, दोन वेगळ्या नळ्या. एक फुटली तर उरलेल्या दोन चाकांवर गाडी आवरते. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं केलं. आपल्या या फियाटमध्ये ते नाही. एकच पिस्टन, एकच तेल, चारही चाकं त्याच्यावर. तिच्याखालच्या नळ्या बदलून नव्या झाल्या, तरी तिच्यातला मूळ धोका जिथे होता तिथेच आहे. हँडब्रेक तेवढा वेगळा, तारेवर चालणारा. नळी फुटल्यावर हाताशी उरतो तो तोच.

मामांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

मामा : दोन पिस्टनचं मास्टर सिलिंडर का नाही बसवत?

भाचा : मामा, ही वडिलांची गाडी आहे. जशी होती तशी ठेवायचीय. आणि दुसऱ्या गाडीचं सिलिंडर नुसतं बोल्टला बसलं म्हणजे झालं का? पिस्टनचा व्यास जुळला पाहिजे, पेडलचा दांडा जुळला पाहिजे. व्यास मोठा पडला तर पाय दगडावर दाबल्यासारखा, गाडी थांबणार नाही. लहान पडला तर पेडल फळीला. पुढे-मागे दाबाची वाटणी बदलली तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी फिरेल. चांगला चाललेला ब्रेक मी बिघडवू?

मामा : बिघडव म्हणत नाही. माप घे, जुळव, तपास. हे सगळं तू आता नळीचं केलंस ना? तेवढीच काळजी तिथे घे.

भाचा : आणि मूळ गाडी?

मामा : तुझे वडील गेले तेव्हा ह्या रस्त्यावर किती गाड्या होत्या? आज मुंबई-गोवा हायवेवर कर्नाळ्याची खिंड उतरताना पुढे कंटेनर, मागे ट्रेलर. तुझ्यापुढचा एबीएसवर चाकं न अडकता थांबतो, तू चार ड्रमवर. मूळ ठेवायचं ते रंग ठेव, सीट ठेव, स्टिअरिंगचा गिअर ठेव. ब्रेक ठेवू नकोस.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे, आणि जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्या बऱ्याच लोकांना हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. प्रदर्शनात ठेवायची गाडी असेल तर प्रत्येक नट मूळचा असावा, हा हट्ट योग्य आहे. पण जी गाडी आपट्याहून पनवेलला बाजाराला जाते आणि जिच्यात घरची माणसं बसतात, तिच्या ब्रेकला त्या काळाचा मान राखण्याची गरज नाही. भाच्याने सांगितलेली अडचण मात्र खरी आहे. सिलिंडर न जुळवता बसवलं तर ते एकेरीपेक्षाही वाईट ठरू शकतं. म्हणून ते काम अंगणात, एका रविवारी, धडाक्यात करायचं नाही. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा तपासणी होते. पण दोन तपासण्यांच्या मधली पाच वर्षं, म्हणजे पाच पावसाळे, ही जबाबदारी मालकाचीच.

नळी बनवण्याबद्दल माझं मत भाच्याने बदललं. बाजारात मिळत नसलेली वस्तू योग्य धातूची, योग्य फ्लेअरची, सलग आणि तपासून बनवली, तर ती तांब्याच्या झटपट नळीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. तेवढी हत्यारं आणि तेवढा संयम ज्याच्याकडे नाही त्याने मात्र हात लावू नये. तिथे मामांचं पहिलं वाक्यच खरं होतं, गाडी हलवायचीच नाही.

भाच्याने एक वही आणली. तारीख, कोणती नळी कोणत्या धातूची, तेल कोणतं, कोणी दाबलं आणि कोणी कागद लावून बघितलं, हे लिहिलं. खाली मामांनी सही केली.

भाचा : आता खिंडीतून काढू?

मामा : पनवेलपर्यंत आतल्या रस्त्याने, हळू. परत आल्यावर पुन्हा कागद लावायचा. पावसाळा संपला की मागची एक क्लिप सोडून खाली बघायचं, आणि ते मी नसलो तरी दुसऱ्या कुणाला बरोबर घेऊन. खिंड दोन पिस्टननंतर.

भाचा : ते जुळलंच नाही तर?

मामा : आधी मास्टर सिलिंडर सोडून पिस्टनचं माप आण. दांड्याची लांबी पण. मग बघू जुळतं का.